बंद पडलेला जुना लॅपटॉप पार्टसाठी विकताय? भाव ठरवताना या चुका टाळा

मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही काउंटरवर बंद लॅपटॉप ठेवा आणि "किती येतील?" असं विचारा. समोरचा आधी झाकण उघडून हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, हलवेल, मग पालथा करून स्टिकर वाचेल आणि उलट तुम्हालाच विचारेल, "क्या प्रॉब्लेम है?" तुम्ही "चालू होत नाही" एवढंच म्हणालात की भाव तिथेच पडला. त्याच्या हिशेबात याचा अर्थ एवढाच की मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेलाय, बाकीचं कुणी तपासलेलं नाही आणि जोखीम सगळी त्याची. पार्टच्या बाजारात, चालतोय हे दाखवता येणाऱ्या पार्टलाच पैसे मिळतात. बाकी सगळं वजनावर जातं.

पावती काढून वजाबाकी करू नका

"पंचावन्न हजारांना घेतला होता, सात वर्षं झाली, निदान दहा तरी यायला हवेत." हा हिशेब घरी सगळेच करतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. तुम्ही काय भरलं होतं याच्याशी घेणाऱ्याचं देणंघेणं नसतं. त्याला ज्या गिऱ्हाइकाचा लॅपटॉप दुरुस्त करायचाय, त्यात तुमचा पार्ट बसतो का, एवढंच तो बघतो.

म्हणून कंपनीचं नाव आणि "आय-फाइव्ह प्रोसेसर आहे" यावर थांबू नका. आय-फाइव्ह चौथ्या पिढीचाही असतो आणि अकराव्या पिढीचाही. पूर्ण नंबर वाचा. आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, आय५-५२००यू म्हणजे पाचवी. हा फरक आता आणखी महत्त्वाचा झालाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट संपले आणि विंडोज ११ ला, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. त्यामुळे सातव्या पिढीपर्यंतच्या मशिनचे बोर्ड विकत घेऊन दुरुस्ती करणारे कमी होत चाललेत.

मॉडेलचंही तेच. "पॅव्हिलियन १५" हे एका मॉडेलचं नाव नाही, त्या नावाखाली डझनावारी मॉडेलं निघाली आणि एकाचं झाकण दुसऱ्याला बसेलच असं नाही. खालच्या स्टिकरवरचा पूर्ण नंबर टिपून घ्या. डेल असेल तर सर्व्हिस टॅग, म्हणजे त्यांचा मशीन ओळखायचा नंबर. स्टिकर घासून गेलं असेल आणि मशीन निदान बायोसपर्यंत (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगपर्यंत) येत असेल, तर तिथेही तो सापडतो. थिंकपॅडच्या सुट्या पार्टवर एफआरयू नंबर (कंपनीचा सुट्या पार्टचा नंबर) छापलेला असतो, तो टाकून शोधलंत तर तो पार्ट आणखी कुठल्या मॉडेलला चालतो तेही कळतं. गिऱ्हाईक तिथेच वाढतं.

"डेड आहे" म्हणण्याआधी

इथे वेळ घालवा, कारण भावातला सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. लाइटच लागत नाही, लाइट लागतो पण चित्र येत नाही, चित्र येतं पण विंडोज उघडत नाही: तिन्हीला घरी आपण "बंद पडलाय" म्हणतो. पार्टवाल्यासाठी या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि तिन्हीचे भाव वेगळे.

आधी अ‍ॅडॉप्टरवर शंका घ्या. शेजारच्यांचा त्याच जातीचा आणि तेवढ्याच व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावून बघा. डेलच्या गोल पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यावरून मशीन अ‍ॅडॉप्टर ओळखतं. ती तुटली की मशीन चालतं पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि माणसं बॅटरीला दोष देऊन मोकळी होतात.

मग अ‍ॅडॉप्टर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि फक्त अ‍ॅडॉप्टरवर चालू करून बघा. तरीही काळोखच असेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, भुगा झटका आणि पुन्हा बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. मुंबईच्या दमट हवेत या पट्ट्यांवर थर बसतो आणि कित्येक "नो डिस्प्ले" एवढ्यावरच सुटतात. कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर ते मोजा. त्या लुकलुकण्यातून मशीन आजार सांगत असतं आणि त्या खुणांचा तक्ता कंपनीच्या साइटवर असतो.

लाइट, पंखा सगळं चालू आणि स्क्रीन तेवढी काळी असेल, तर एचडीएमआयने घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं की बोर्ड जिवंत आहे आणि तुमच्या लॅपटॉपची किंमत त्या क्षणी वाढली. आता गुन्हेगार पॅनेल, म्हणजे स्क्रीनचा पडदा, आहे की केबल, ते बघा. अंधारात स्क्रीनवर तिरपा टॉर्च मारा. पुसटसं चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेलाय. झाकण पुढेमागे करताना रेषा येत-जात असतील तर बहुधा हिंजजवळून जाणारी केबल चिरडलीय, पॅनेल शाबूत असू शकतं. बऱ्याच डेलवर डी दाबून धरून मशीन चालू केलं की स्क्रीन एकेक रंग दाखवते. रंग स्वच्छ आले की पॅनेल चांगलं. हा सगळा प्रकार मोबाइलवर शूट करून ठेवा, भाव करताना तोच पुरावा.

पावसात बॅग भिजली असेल तर मात्र पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. उघडल्यावर बोर्डावर, विशेषतः कीबोर्डच्या आणि चार्जिंगच्या सॉकेटभोवती, पांढरट किंवा हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर तो बोर्ड "पाणी लागलेला" म्हणूनच जाणार. लपवून उपयोग नाही. दुकानदाराचा माणूस आधी तीच जागा बघतो.

कशाला भाव, कशाला नाही

एक साधी कसोटी लावा: हा पार्ट बाजारात नवा, कंपॅटिबल मिळतो का? मिळत असेल तर तुमच्या जुन्याची कमाल मर्यादा त्या नव्याच्या भावाच्या बरीच खाली. कीबोर्ड आणि बॅटरी इथे आधी मार खातात. साध्या मॉडेलचा नवा कीबोर्ड स्वस्तात मिळत असताना चहा सांडलेला जुना कोण घेणार?

उलट जे नवं मिळत नाही त्याला जुन्याचाच आधार. चालू मदरबोर्ड, न चिरलेला खालचा बेस, पामरेस्ट (कीबोर्डभोवतीचा, हात टेकायचा भाग), हिंज, यूएसबीचा छोटा बोर्ड. १५.६ इंची घरगुती लॅपटॉपांत हिंज प्लास्टिकमधून उपटून निघतं, हा ठरलेला आजार आहे. त्यामुळे बोर्ड मेलेल्या पण बॉडी धडधाकट असलेल्या मशिनला विचारणारं कुणी ना कुणी असतं. विकणारे नेमकी हीच बॉडी घाईत स्क्रू ड्रायव्हरने ओरबाडून ठेवतात.

पॅनेल हा बहुतेक वेळा सगळ्यात मोठा सुटा तुकडा. पण "पंधरा इंची स्क्रीन" म्हणून जाहिरात टाकलीत तर नुसते प्रश्न येतील. पॅनेल उलटं करा, मागे बारकोडचं लेबल असतं. समजा त्यावर एन१५६बीजीई असं आहे. १५६ म्हणजे १५.६ इंच आणि हे पॅनेल १३६६ बाय ७६८ चं. एन१५६एचजीई असेल तर फुल एचडी आणि भावही वरचा. मग सॉकेटच्या पिना बघा, ३० की ४०. ४० पिनांचं पॅनेल चित्राचा सिग्नल नेण्याच्या जुन्या एलव्हीडीएस पद्धतीचं असू शकतं किंवा नव्या, जास्त हर्ट्झच्या गेमिंग मशिनचं. पिना तेवढ्याच, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. लेबलचा आणि सॉकेटचा असे दोन फोटो टाकलेत की निम्मी चौकशी वाचते. पॅनेल कुरियरने पाठवण्याच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. दादर किंवा ठाणे स्टेशनवर हातोहात द्यावं.

रॅमचं लेबल असंच वाचा. पीसी३एल-१२८००एस म्हणजे डीडीआर३एल, १.३५ व्होल्टची. एल नसेल तर ती १.५ व्होल्टची, आणि फक्त एल मागणाऱ्या मशिनमध्ये ती सहसा चालत नाही. पीसी४ ने सुरू झालं तर डीडीआर४. २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरीचे भाव चढले, तेव्हा ८ जीबीची डीडीआर४ पट्टी असेल तर वर्षभरापूर्वी कुणी सांगितलेल्या भावात देऊन टाकू नका. पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डकवलेली असते, ती सुटी मोजण्यात अर्थ नाही. एसएसडी विकण्याआधी दुसऱ्या मशीनला लावून ड्राइव्हची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमचा स्क्रीनशॉट घ्या.

आणि हो, बोर्डातलं सोनं. ते असतं, खरंच असतं, पण एका लॅपटॉपच्या बोर्डात ग्रॅमचा छोटासा अंश. ते काढायला अ‍ॅसिड लागतं आणि हे घरी करून बघणारे फक्त फुप्फुसं जाळून घेतात.

सगळ्या भावांची बेरीज म्हणजे तुमची किंमत नव्हे

ओएलएक्सवर लोक मागतात तो भाव आणि मिळतो तो भाव यांत बरंच अंतर असतं. महिनोन्‌महिने तिथेच लटकलेली जाहिरात हा भावाचा पुरावा होत नाही.

समजा जाहिराती बघून तुम्ही पॅनेल, रॅम, एसएसडी, बेस आणि अ‍ॅडॉप्टर मिळून नऊ हजार धरले. दुकानदार त्यातलं प्रत्येक विकेपर्यंत जागा अडवणार, काही परत येणार, काही पडून राहणार. तो अख्ख्याचे तीन म्हणाला तर लुटतोय असं लगेच समजू नका. तुम्ही सुटं विकायला निघालात तरी पाच गिऱ्हाइकं, पाच वेळा भेटणं, त्यातले दोघे ऐन वेळी "भाई, अभी नहीं" म्हणणारे, आणि उरलेला सांगाडा वन बीएचकेतल्या पलंगाखाली. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

माझ्या मते मधला रस्ता बरा: रॅम, एसएसडी आणि अ‍ॅडॉप्टर स्वतः विका, बाकी मशीन न उसकटता एकगठ्ठा द्या. मात्र दुकानात जाताना रॅम आणि अ‍ॅडॉप्टर खिशात ठेवा. बोर्ड जिवंत आहे हे दाखवायला ते लागतील, आणि दाखवता आलं नाही तर पुन्हा मेलेल्या बोर्डाचा भाव.

कुलूप आणि डेटा

ऑफिसने बाद करून दिलेल्या लॅपटॉपला अनेकदा बायोस पासवर्ड असतो, तो आधी आयटीवाल्यांकडून काढून घ्या. मॅकबुक असेल तर विकण्यापूर्वी आयक्लाउडमधून साइन आउट करा. २०१८ पासूनच्या टी२ या सुरक्षा-चिपवाल्या आणि त्यानंतरच्या मॅकवर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक (मशीन मालकाच्या आयक्लाउड खात्याशी बांधून ठेवणारं कुलूप) राहिलं, तर चालू बोर्डही घेणाऱ्याला निरुपयोगी. मशीन चालू होत नसेल तरी हरकत नाही, दुसऱ्या फोनवरून आयक्लाउडच्या साइटवर जाऊन ते आपल्या यादीतून काढता येतं.

विंडोजवाल्यांना वेगळा फटका बसतो. बोर्ड गेला, ड्राइव्ह काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली आणि समोर बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह-कुलपाची) रिकव्हरी की मागणारी निळी चौकट. डिव्हाइस एन्क्रिप्शन बऱ्याच मशीनवर आपोआप चालू झालेलं असतं. ती की बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. बोर्ड विकण्याआधी ती शोधा आणि ड्राइव्ह उघडते का ते बघा. आधार, पॅन, सोसायटीची कागदपत्रं, लग्नाचे फोटो, सगळं तिथेच असतं. नुसतं फॉरमॅट करून हार्ड डिस्क देऊ नका. जुन्या ५०० जीबीच्या डिस्कला मिळणाऱ्या पैशांसाठी एवढी जोखीम घ्यावी असं मला वाटत नाही, ती घरीच ठेवा.

उघडताना

रबरी पायांखाली स्क्रू लपलेले असतात. ते राहिले आणि जोर लावला की बेस तडकतो. स्क्रू कमीजास्त लांबीचे असतात, लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर थेट बोर्डात घुसतो. कागदावर मशीनचा आकार काढून त्या-त्या जागी स्क्रू चिकटपट्टीने लावा. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीची वायर काढणं. चपट्या केबलींच्या सॉकेटवर इवलंसं काळं झाकण असतं. ते नखाने वर करायचं, केबल ओढायची नाही.

टचपॅड वर उचललं गेलंय, बेस फुगलाय, असं दिसलं तर बॅटरी फुगलीय. ती दाबू, टोचू किंवा चार्ज करू नका, आणि विकू तर अजिबात नका.

दुकानात

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत गेलात तर लॅमिंग्टन रोड जवळच. रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. रस्त्यावरचे काउंटर नवा माल विकण्यात गुंतलेले असतात, खरे पार्ट घेणारे अनेकदा वरच्या मजल्यांवरच्या रिपेअरवाल्यांत सापडतात. निदान तिघांना विचारा आणि पहिला आकडा त्यांनाच बोलू द्या. खरेदीचं बिल आणि ओळखपत्र सोबत न्या. चोरीच्या मालाच्या धास्तीने चांगला दुकानदार ते मागतोच, आणि न मागणाऱ्याकडे विकायला मी दोनदा विचार करेन. पैसे घेताना चिठ्ठीवर मशीनचा सिरियल नंबर, तारीख आणि "बंद अवस्थेत, ड्राइव्हशिवाय दिला" असं लिहून सही घ्या.

जे कुणीच घेत नाही ते, आणि फुगलेली बॅटरी, नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात किंवा कंपनीच्या परतीच्या योजनेत द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूंची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटरी नेताना तिच्या टोकांना इन्सुलेशन टेप लावा आणि गर्दीच्या लोकलने नेऊ नका.