डिस्क गेली म्हणण्याआधी हे ३ आकडे बघा

घरच्या नॅसवर (घरातल्या नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवणारा डिस्कांचा डबा) ‘डिस्क फेल’ किंवा ‘डिग्रेडेड’ (म्हणजे एक डिस्क कमी धरून काम चाललंय) असं आलं की लगेच नवी डिस्क मागवू नका. कित्येकदा डिस्क ठणठणीत असते, दोष साटा केबलचा, म्हणजे डिस्कला नॅसशी जोडणाऱ्या वायरचा असतो.

१. आधी महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. बाकी सगळं नंतर.

२. नॅसच्या स्टोरेज विभागात त्या डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) उघडा. ५, १९७ आणि १९८ या ओळी डिस्कवरचे खराब किंवा वाचता न येणारे भाग मोजतात; त्यांचा ‘रॉ’ (मूळ मोजणीचा) आकडा बघा. तिथे शून्य नसेल आणि आकडा वाढत असेल, तर डिस्क बदलायचीच.

३. हे तिन्ही शून्य आणि फक्त १९९ (डिस्क आणि नॅसमध्ये डेटा ये-जा करताना झालेल्या चुका) वाढलेला? मग संशय केबलवर. नॅस रीतसर बंद करा, प्लग काढा, केबल बदला. ट्रेवाला नॅस असेल तर डिस्क काढून पुन्हा घट्ट बसवा. १९९चा जुना आकडा पुसला जात नाही, म्हणून तो आत्ताच लिहून ठेवा. दोन-चार दिवसांत तो वाढला नाही, तर केबलचाच दोष होता असं समजा.

डिस्क काढताना मात्र स्लॉटच्या क्रमांकावर विसंबू नका, रिपोर्टमधला सीरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी ताडून बघा. रेड-५ (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची एक पद्धत) एकच डिस्क गेलेली सोसतं; एक आधीच गेलेली असताना चुकून चांगली डिस्क ओढलीत तर अख्खा व्हॉल्यूम (या डिस्कांवरचा एकत्रित साठा) बंद पडतो. मी तर प्रत्येक ट्रेवर सीरियलचे शेवटचे ४ अंक चिकटवूनच ठेवलेत.