जुन्या गाडीचा ब्रेक: आधी निदान, मग हवा काढणं

ब्रेकचं पेडल बिघडलं की लगेच निपल (चाकाजवळची, तेल आणि हवा बाहेर काढायची छोटी पोकळ स्क्रू) सैल करायला बसू नका. जुन्या गाडीत बरेच दोष तेलात शिरलेल्या हवेचे नसतातच.

पेडल स्पंजसारखं दबतं आणि भराभर पंप केल्यावर वर येऊन कडक होतं, तर आत हवा आहे. पेडल खूप खाली जातं, पण तिथे घट्ट लागतं आणि दुसऱ्या दाबाला वर येतं, तर मागच्या ड्रममधल्या शूंचं (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांचं) ड्रमपासूनचं अंतर वाढलंय. ते कमी करणारा अ‍ॅडजस्टर फिरवा; कितीही तेल काढलंत तरी हे पेडल वर येणार नाही. पाय स्थिर दाबून धरल्यावर पेडल सावकाश खाली बसतं आणि बाहेर कुठेच गळती नाही, तर मास्टर सिलिंडरची (पेडलच्या दाबाने तेल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाची) सीलं आतून तेल सोडतायत. एकच चाक धरून ठेवत असेल तर त्याचं निपल उघडा: चाक मोकळं झालं तर रबरी होज आतून फुगून बंद झाली आहे, नाही झालं तर कॅलिपरचा (डिस्कला पॅडने चिमटा घेणाऱ्या भागाचा) पिस्टन किंवा तो ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना जाम आहेत.

हवाच आहे हे ठरलं, की निपलांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. उघड्या तोंडाचा पाना वापरू नका, कडा झिजतात. रिंग पानाच लावा. निपल हलत नसेल तर आधी किंचित आवळा, मग सैल करा. नुसती ताकद लावली तर ते मुळाशी तुटतं.

ब्रेकचं तेल सीलबंद डब्यातलंच घ्या. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रतींची तेलं हवेतला ओलावा शोषतात. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०°से. असतो, ओलावा शिरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. सिलिकॉनचं डॉट ५ यांत कधीच मिसळू नका. सगळं तेल बदलायचं तर एक लिटर हाताशी ठेवा. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलतो.

गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर ठेवा, इंजिन बंद. बहुतेक जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात; सर्किट तिरकं विभागलेलं (एका नळीवर पुढचं एक आणि तिरकं समोरचं मागचं चाक) असेल तर मॅन्युअलमधला क्रम पाळा. निपलाला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवा. एकाने पेडल हळू दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव ते अर्धा फेरा उघडायचं आणि पाय उचलण्याआधी बंद करायचं. बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत हेच. दर पाच-सहा दाबांनी टाकीतली पातळी बघा. टाकी एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवाच. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन जिथवर जात नाही तिथे सिलिंडरला गंज आणि गाळ असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्यावर घासून फाटतं, आणि चांगला मास्टर सिलिंडर त्याच दिवशी निकामी होतो.

एवढं करूनही पेडल मऊच राहिलं तर कॅलिपर बघा. डावा-उजवा अदलाबदल झाला असेल तर निपल तळाशी येतं आणि हवा वरच अडकते. मागच्या अ‍ॅक्सलवर भारानुसार चालणारा व्हॉल्व्ह असेल तर चाकं लोंबकळत असताना मागचं तेल नीट येत नाही. स्टँड अ‍ॅक्सलखाली लावून पुन्हा काढा.