ओल्या लाकडाचा वाडगा का तडकतो? लेथवरच्या या चुका टाळा

मे महिन्यात पावसाआधीची छाटणी झाली की सोसायटीच्या फाटकाशी आंब्याफणसाचे ओंडके पडलेले दिसतात आणि नवा लेथ (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) घेतलेल्या माणसाचा जीव वरखाली होतो. पहिल्या वर्षी मी विचारून चार ओंडके आणले (विचाराच; शहरातल्या झाडांना 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे) आणि गच्चीवर उन्हात ओळीने मांडले. म्हटलं, जरा वाळू देत. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाच्या तोंडावर चांदणीसारख्या भेगा होत्या. लेथचं बटण दाबायच्या आधीच चौघांचं सरपण झालं.

ओल्या लाकडाच्या बहुतेक तक्रारी हत्याराच्या नसतात, पाण्याच्या असतात. आर्द्रता साधारण 28–30 टक्क्यांच्या खाली गेली की लाकूड आकसायला लागतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. वर्षवलयांच्या गोलाईच्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट आकसतं, लांबीत मात्र नावापुरतंच. अख्ख्या गोल ओंडक्याला हा ताण सोसायला जागाच नसते, म्हणून तो गाभ्यापासून फाटतो. शिवाय कापलेल्या तोंडातून पाणी सालीकडच्या बाजूपेक्षा कितीतरी पटींनी लवकर जातं. तोंड आकसलेलं, आतला भाग अजून फुगलेला, मग भेग पडणारच.

म्हणून ओंडका घरी आला त्याच दिवशी दोन्ही तोंडं बंद करा. वितळवलेलं मेण सर्वांत चांगलं. ते नसेल तर उरलेल्या ऑइलपेंटचे दोन जाड हात द्या. ओंडका हवा त्यापेक्षा दोन्हीकडे दोन-तीन इंच लांब ठेवा, म्हणजे तडकलेलं टोक कापून टाकता येतं. जमेल तेवढ्या लवकर त्याला गाभ्यातून उभा चिरून दोन भाग करा, आणि वाडग्यासाठी तुकडा घेताना गाभ्याची पट्टी पूर्ण काढून टाका. "गाभ्याची नक्षी छान दिसते" म्हणून ती राखण्याचा मोह मला दोनदा झाला. दोन्ही वाडग्यांना बुडात आरपार चीर गेली.

एका बैठकीत की दोन टप्प्यांत?

हे लेथवर लाकूड चढवण्याआधी ठरवा. गडबड होते ती मधेच लटकल्यामुळे.

दोन टप्प्यांत करायचं तर आधी ओबडधोबड वाडगा कातून तो वाळवायचा आणि मग पुन्हा चढवायचा. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाइतकी ठेवायची: 10 इंची वाडग्याला 1 इंच. बूडही तेवढंच. नवशिक्याचं बूड नेहमी जाड राहतं, कारण आत खोल जायची भीती वाटते. मग भिंत लवकर वाळते, बूड ओलं राहतं आणि दोघांच्या भांडणात बूड फुटतं.

एका बैठकीत करायचं तर थेट 4–5 मिलिमीटरपर्यंत पातळ करायचं आणि वाळताना वाडगा वाकडा होईल हे मान्य करायचं. त्यात गंमतही असते. फक्त मधे उठायचं नाही. मी एकदा कड पातळ करून जेवायला बसलो. अर्ध्या तासाने लेथ सुरू केला तर कड अंडाकृती झालेली, हत्यार दर फेऱ्याला दोनदा ठक ठक आपटत होतं. तिसऱ्या ठोक्याला कड उडाली. उठावंच लागलं तर वाडगा चकवरच (लेथवर लाकूड जबड्यांत धरणारा भाग) प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गुंडाळून ठेवा.

ऑगस्टमधलं वजन फसवतं

कातलेला कच्चा वाडगा कागदी पिशवीत ठेवायचा, प्लास्टिकमध्ये नाही. काही जण त्यात त्याच लाकडाच्या ओल्या ढलप्या भरतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे केलंत तर आठवड्यात पांढरी-निळी बुरशी येते, आंब्याला तर हमखास. कोरड्या ढलप्या भरा किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून कागद बदलत राहा.

बुडावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. वजन दोन-तीन आठवडे हललं नाही की लाकूड वाळलं, असं सगळे सांगतात. ते अर्धं खरं आहे. वजन थांबलं म्हणजे लाकूड भोवतीच्या हवेशी जुळलं, एवढंच. हवेत 85 टक्के आर्द्रता असेल तर लाकूड 17–18 टक्क्यांवर थांबतं. 40 टक्के असेल तर 7–8 टक्क्यांवर. म्हणजे ऑगस्टमध्ये रत्नागिरीत "वाळलेला" वाडगा एप्रिलमध्ये नागपूरच्या घरात पुन्हा आकसणार. वाडग्याला ते चालून जातं. झाकणाच्या डबीला नाही. पावसाळ्यात घट्ट बसवलेलं झाकण उन्हाळ्यात एक तर डुगडुगतं, नाही तर अंडाकृती होऊन अडकतं. मी डब्या आता दिवाळीनंतरच करतो.

वाळलेला वाडगा पुन्हा चढवताना चकमध्ये धरायचा टेनन (बुडाशी ठेवलेला गोल खुंट) तपासा. तोही अंडाकृती झालेला असतो. तसाच आवळला तर जबडे दोनच ठिकाणी टेकतात आणि वाडगा सुटतो. आधी गोल करून घ्या. टेननचा खांदा जबड्यांवर टेकायला हवा, त्याचं टोक चकच्या तळाला लागता कामा नये.

हत्याराचा झटका

एक चूक थेट जिवावर बेतू शकते. लांब लाकूड गोल करायचा स्पिंडल रफिंग गाऊज (खोलगट पात्याचं कातायचं हत्यार) वाडग्यावर वापरू नका. त्याची मुठीत जाणारी शेपटी अरुंद असते, हत्यार वाडग्याच्या आडव्या तंतूंत अडकलं की ती मोडते. तिथे वाडग्यासाठीचा बाऊल गाऊजच हवा.

बाकीचे झटके बहुधा घाईतून बसतात. आधी हत्यार टूल रेस्टवर (हत्यार टेकवायच्या आडव्या दांड्यावर), मग धारेमागचा उतार लाकडावर, मग मूठ हळू उचलत धार लावायची. रेस्ट लाकडापासून बोटभर लांब राहिला की झटका ठरलेलाच. चार-पाच मिलिमीटर पुरे. तो सरकवल्यावर लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवून बघा, आणि मगच बटण. वाडग्याची बाहेरची बाजू बुडाकडून कडेकडे कातायची, आतली कडेकडून मध्याकडे. लांब लाकडावर मात्र जाड भागाकडून बारीककडे.

वेगाचा ढोबळ हिशेब: व्यास इंचांत गुणिले मिनिटाचे फेरे 6000 ते 9000 च्या दरम्यान यावेत. 10 इंचाला 600–900. ओला अर्धा ओंडका एका बाजूला जड असतो, म्हणून सुरुवात सर्वांत कमी वेगाने, स्वतः त्याच्या समोरून बाजूला उभं राहून. हातमोजे नकोत, ओढणी नको, चेहऱ्यावर शील्ड हवीच.

लाकडाचे तंतू उपटले गेले तर पॉलिशपेपर घासत बसू नका, धार लावा. आपल्याकडचे बरेच ग्राइंडर 2800 फेऱ्यांचे असतात. साध्या कार्बन स्टीलचं टोक त्यावर चटकन निळं पडतं, आणि निळं झालं की धार टिकत नाही. हायस्पीड स्टील उष्णता सोसतं.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर काळ्या कुड्याच्या फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवतात आणि केवड्याच्या पातीने चकाकी आणतात. ते बघून ओल्या आंब्यावर तसं करू नका. आतली वाफ लाखेला धरू देत नाही.

बाभळीवर किंवा जांभळावर चकच्या जबड्यांचे काळे डाग दिसले तर तो मळ नव्हे. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटलं की तसं होतं. डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसाने बराच उतरतो. आणि त्याच संध्याकाळी लेथच्या बेडवरच्या ओल्या ढलप्या झाडून तेलाचा बोळा फिरवा, सकाळपर्यंत थांबलात तर तिथे गंज चढलेला असतो.