दुसरी ईव्ही घेताय? या चुका टाळा, आणि गाडी सगळ्यात शेवटी बघा

पहिली ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी, लोक घाबरत घाबरत घेतात. शंभर जणांना विचारतात, पावसात चालते का, बॅटरी किती वर्षं टिकते, सोसायटी चार्जिंगचा पॉइंट देईल का, सगळं. मग वर्ष-दोन वर्षं गाडी नीट चालते, पेट्रोल पंपाचं तोंड बघावं लागत नाही, आणि माणूस एकदम एक्स्पर्ट होतो. दुसरी घेताना कोणालाच काही विचारत नाही, थेट बुकिंगचा स्क्रीनशॉट पाठवतो. मी अभिनंदन म्हणायच्या आधी "पार्किंग कुठलं आहे?" असं विचारलं की वर राग येतो.

तीन माणसांचं घर, एकाचं ऑफिस ऐरोलीला, दुसऱ्याचं बीकेसीला, पोराचा क्लास मानपाड्याला, तर दुसरी गाडी लागते हे मान्यच आहे. पण पहिलीच्या वेळी ज्या गोष्टी आपोआप जमून गेल्या त्या दुसरीच्या वेळी जमत नाहीत, कारण हक्काची जागा आणि नीट केलेली वायरिंग एकाच गाडीपुरती असते. दुसरीला उरलंसुरलं मिळतं.

पार्किंग न बघता बुकिंग

या विषयावर मी तासभर बोलू शकतो. कोलशेत, ढोकाळी, घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये दुसरं पार्किंग म्हणजे बऱ्याचदा स्टॅक. खाली एक गाडी, वर पॅलेटवर एक. पेट्रोल गाडीला ठीक आहे. पण वरच्या पॅलेटवर चार्जिंग करणार कसं? पॅलेट खाली असताना केबल लावली आणि खालच्याला गाडी लावायची असेल तर पॅलेट वर उचलताना केबल तुटणार, म्हणून बहुतेक सोसायट्या तिथे पॉइंट देतच नाहीत, आणि बरोबरच करतात.

माझ्या मावसभावाने नेमकं हेच केलं. घरात नवरा-बायको आणि एक शाळेतली मुलगी. पहिली मोठी एसयूव्ही पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या पार्किंग मजल्यावर, हक्काच्या जागेत, भिंतीवर चार्जर, सगळं झकास. दुसरी छोटी घ्यायची ठरली. मी म्हटलं, अरे दुसरं पार्किंग बघून ये आधी, तर म्हणाला, "दादा, छोटीच तर आहे, कुठेही मावेल." पाडव्याला डिलिव्हरी, हार, पेढे, फोटो. गाडी घेऊन सोसायटीत आला तर पार्किंगवाला मुलगा म्हणतो, साहेब तुमचं वरचं पॅलेट आहे. खालच्याशी अदलाबदल करू म्हटलं तर छोटी गाडी लांबीला कमी पण उंच, खालच्या पॅलेटच्या उंचीत बसेना. म्हणजे वर ठेवली तर चार्ज होत नाही आणि खाली शिरत नाही. मग त्या घरात रोज रात्री जेवणं झाली की एक नवीन काम सुरू झालं, एसयूव्ही काढायची, छोटी चार्जरला लावायची, एसयूव्ही बाहेर कुठेतरी व्हिजिटर पार्किंगला, सकाळी परत उलटं. वॉचमन वैतागला, सेक्रेटरीने नोटीस काढली, वहिनी तर म्हणाल्या की यापेक्षा रिक्षा परवडली.

शेवटी सुटलं कसं, तर स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, एका आजोबांची जागा आहे, त्यांची जुनी पेट्रोल गाडी आठवड्यातून एकदा देवळापर्यंत जाते. सेडानच आहे, स्टॅकच्या खालच्या जागेत आरामात बसते. त्यांच्याशी आणि त्या स्टॅकच्या खालच्या मालकाशी बोलून त्रिकोणी अदलाबदल केली, आजोबा स्टॅकमध्ये खाली, खालचा वर आणि छोटी ईव्ही स्टिल्टमध्ये. पण ते तोंडी नाही हं, सोसायटीकडून पत्र घेऊन. ही गोष्ट लोक फार हलक्यात घेतात. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० सालीच दहिसरच्या एका सोसायटीच्या केसमध्ये सांगितलंय, तेव्हा "मी जागा विकत घेतलीये" असं म्हणणाऱ्या शेजाऱ्याच्या शब्दावर चार्जर बसवू नका. कमिटी बदलली की जागा बदलते आणि तुमची वायरिंग भिंतीवर लटकत राहते.

माझी सवय सांगतो. शोरूमला जायच्या आधी टेप घेऊन खाली जायचं. स्टॅक असेल तर त्याच्या पाटीवर उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तिचा फोटो काढायचा. उदाहरण म्हणून, एमजीची छोटी ईव्ही कॉमेट लांबीला फक्त २९७४ मिमी, पण उंची १६४० मिमी. टियागो ईव्ही तिच्याहून जवळपास ८० सेंमी लांब, तरी उंची १५३६ मिमीच. सेडानसाठी केलेल्या बऱ्याच पॅलेटवर साधारण १५५० मिमीचीच मुभा असते, म्हणजे तिथे "छोटी" गाडी बसत नाही आणि "मोठी" बसते. वजनाचंही तसंच, मोठ्या बॅटरीच्या काही एसयूव्ही दोन टनांच्या आसपास जातात. आणि डीलरला सांगायचं की डेमो गाडी घरी आण, तुझ्या शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर चालवून मला काय कळणार. पार्किंगमध्ये घालून बघायची, केबल पोचते का बघायचं. आणायला नाही म्हणाला तर दुसरा डीलर.

दुसरी गाडी, म्हणून दुसरा चार्जर

नको. आधी हिशोब करा. कासारवडवलीहून ऐरोली जाऊन-येऊन चाळीसच्या आसपास किलोमीटर. छोटी ईव्ही युनिटला ८ किमी देते असं धरा, म्हणजे रोजची ५ युनिटं, चार्जिंगमधला लॉस धरून साडेपाच-सहा. घरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर हे तासाभरात देतो. साध्या पंधरा अँपियरच्या, म्हणजे घरातल्या एअर कंडिशनरच्या पॉइंटवर ३.३ किलोवॅटने सुद्धा दोन तासांत होतं. रात्री दहा ते सकाळी सहा एवढा वेळ पडलेला असतो आणि लोक दोन-दोन ७.२ चे चार्जर लावायला निघतात. एक चार्जर ३२ अँपियर घेतो, दोन एकदम चालले की ६४, घरच्या सिंगल फेजवर हे बसत नाही, मग थ्री फेज घ्या, सँक्शन्ड लोड, म्हणजे मंजूर वीजभार, वाढवा, फिक्स्ड चार्ज भरा. एका चार्जरवर एक दिवसाआड एक गाडी, किंवा चार्जर मोठीला आणि साधा पॉइंट छोटीला, छोट्या घराला एवढं पुरतं. दोन्ही जागा शेजारी मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

अर्थिंगचा शॉर्टकट

इथे मात्र मी चिडतो. छोटीसाठी साधा पॉइंट पुरतो म्हटलं की लोक कुठलाही पॉइंट धरतात. आमच्या ऑफिसातले एक सीनिअर, आम्ही त्यांना काका म्हणतो, नेरुळला जुनं रो-हाउस. पहिल्या गाडीचा चार्जर व्यवस्थित बसवलेला, अर्थ पिट (लीक झालेला करंट जमिनीत उतरवणारा खड्डा) वगैरे करून. दुसऱ्या गाडीसाठी पोर्चमधला पाण्याच्या पंपाचा जुना पॉइंट होता, त्यात गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर लावला तर लाल दिवा, चार्जिंग नाही. बरोबर आहे, त्या पॉइंटला अर्थिंगच नव्हतं आणि चार्जर तेच सांगत होता. नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन आला, "दोन मिनिटांचं काम आहे", सॉकेट उघडलं, न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थच्या पिनमध्ये एक वायरचा तुकडा टाकला, दिवा हिरवा. काका खूश, दोनशे रुपयांत काम.

पावसाळ्यात काकूंनी ओल्या पायांनी गाडीचं दार उघडायला हात लावला आणि हाताला झिणझिण्या आल्या. न्यूट्रल कुठेतरी सैल झाला होता, आणि अर्थची पिन त्यालाच जोडलेली, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर करंट. पायात रबरी सपाता होत्या म्हणून एवढ्यावर निभावलं. आणि "घरात आरसीसीबी आहे ना" (म्हणजे करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच) हे उत्तर मला देऊ नका. असा तुकडा टाकला की लीक झालेला करंट न्यूट्रलमधूनच परत जातो, आरसीसीबीला जाणारा आणि येणारा सारखाच दिसतो, तो ट्रिप होतच नाही. म्हणजे जीव वाचवणारी वस्तू त्या माणसाने दोन मिनिटांत आंधळी करून ठेवली.

चार्जर चालत नसेल तर चार्जरला गप्प करायचं नसतं, तो का ओरडतोय ते बघायचं असतं. मी लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलावतो, मीटरपासून वेगळी लाइन, पंधरा अँपियरच्या पॉइंटला ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, ७.२ च्या चार्जरला ६ ची, स्वतंत्र एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच), ३० मिलीअँपियरची आरसीसीबी, आणि अर्थिंग समोर मोजून घेतो. पैसे जातात, जाऊ देत. एक्स्टेन्शन बोर्ड तर विषयच नको, तास-दोन तास सलग पंधरा अँपियर ओढल्यावर ते वितळतात, वास आल्यावर मला फोन करू नका. पॉइंट छातीच्या उंचीवर घ्या, बेसमेंटमध्ये पाणी येतं हे ठाण्यात कोणाला शिकवायला नको.

पहिली जे करते तेच दुसरीकडून मागणं

पहिली एसयूव्ही नाशिक, पुणे, कोकण करतेय ना? मग दुसरीला एका चार्जमध्ये चारशे किलोमीटरची रेंज कशाला? छापील रेंज टेस्टमधली असते, मी तिच्या दोन तृतीयांशच धरतो, एसी आणि घोडबंदरचं ट्रॅफिक धरून. तरी कॉमेटची छापील २३० घेतली तर दीडशे उरतात, म्हणजे ऐरोलीच्या तीन फेऱ्या. तिला डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे बाहेरच्या स्टेशनवरचं झटपट चार्जिंग, नाही म्हणून लोक नाक मुरडतात, अरे पण फास्ट चार्जरवर तुम्ही तिला नेणार कधी? हां, दोघांनाही शनिवार-रविवारी वेगवेगळ्या गावाला जायचं असतं असं घर असेल तर वेगळं, मग पंच ईव्हीसारखं काहीतरी मधलं बघा. पण "कधीतरी लागली तर" म्हणून चार-पाच लाख जास्त घालणाऱ्यांची ती "कधीतरी" मी अजून पाहिलेली नाही.

गाडी उभी ठेवून विसरणं

दुसरी गाडी बऱ्याचदा उभीच असते, आणि मग एक दिवस दारच उघडत नाही. मोठी बॅटरी ७० टक्के, तरी गाडी मेलेली. कारण लॉक, स्क्रीन, मोठी बॅटरी जोडणारा कॉन्टॅक्टर हे सगळं साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि ती उतरलेली असते. बरेच जण घाबरून लगेच टो करायला निघतात, आणि गाडी उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बेसमेंटच्या रॅम्पवरून खाली येत नाही. आधी किल्लीतली मेकॅनिकल चावी काढा, बॉनेट उघडा, मॅन्युअलमध्ये जंप-स्टार्टचं पान बघा, १२ व्होल्टला बाहेरून सप्लाय दिला की बहुतेक वेळा जागी होते. आठवड्यातून एकदा तरी फिरवा, पाम बीच रोडला चक्कर मारा, काय बिघडतं. डॅशकॅम कायम चालू ठेवणाऱ्यांना आणि दर पाच मिनिटांनी अॅप उघडून गाडी कशी आहे बघणाऱ्यांना माझा नमस्कार, तुम्हीच ती बॅटरी खाताय. महिनाभर गावाला जात असाल तर मोठी बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवून जा, १०० वर नको.

बाकीच्या, थोडक्यात

बॅटरी भाड्याने घ्यायची स्कीम म्हणजे गाडी स्वस्त, असं नाही. किलोमीटरमागे पैसे असतात आणि काही फायनान्सरांची महिन्याला किमान किलोमीटरची अट असते, जी दुसरी गाडी कधीच पूर्ण करत नाही. न चालवलेल्या किलोमीटरचे पैसे भराल.

लाइट बिल. महिन्याला हजार किमी म्हणजे साधारण १४० युनिटं. महावितरणचे स्लॅब १००, ३०० आणि ५०० ला बदलतात, पहिली गाडी आधीच तुम्हाला वर घेऊन गेलेली असते, दुसरीची युनिटं सगळ्यात महाग स्लॅबमध्ये पडतात. दोन गाड्या असतील तर चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन घ्या, त्याला घरगुती स्लॅब लागत नाहीत.

"लोन घे, दीड लाखाची टॅक्स सूट मिळते" असं सांगणारा सेल्समन अजूनही भेटतो. ती इन्कम टॅक्सच्या कलम ८०ईईबी ची सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनलाच होती. संपली.

स्टेपनी. बऱ्याच छोट्या ईव्हींमध्ये नसते, पंक्चर किट असतं. गायमुखच्या खड्ड्यात टायरची बाजू फाटली तर किटचा उपयोग शून्य. बुकिंगआधी डिकी उघडून बघा.

सेकंडहँड घेताय तर दोन गोष्टी. एक, "लाइफटाइम बॅटरी वॉरंटी" पहिल्या मालकालाच असते, तुमच्या नावावर गाडी आली की ती ठराविक वर्षं आणि किलोमीटरवर येते, ते कंपनीकडून लेखी घ्या. दोन, चार्जिंग पोर्ट बघा. टाइप २ (घरच्या चार्जिंगचं) आणि सीसीएस-२ (फास्ट चार्जिंगचं) असेल तर घरचा चार्जर दोन्ही गाड्यांना चालतो. महिंद्राच्या जुन्या ई-व्हेरिटोसारख्या गाड्या स्वस्तात दिसतात, पण त्यांना सीसीएस-२ नाही, आणि दोन गाड्यांना दोन तऱ्हेच्या केबल घरात ठेवायच्या असतील तर तुमची मर्जी.