इंग्रजीतले डोंगर कोकणातल्या मुलांना कसे शिकवावेत

इंग्रजी वाक्प्रचार शिकवताना फळ्यावर डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी म्हण अशा जोड्या लावू नका. निदान डोंगरांच्या बाबतीत तरी नकोच. 'मेक अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल' म्हणजे 'राईचा पर्वत करणे' हे बरोबरच आहे. पण एवढ्यावर सोडलं, की मुलं निबंधात 'माउंटन ऑफ मस्टर्ड' लिहून मोकळी होतात. मी राजापूर तालुक्यात शिकवते. माझी पद्धत अशी: आधी शब्दातली वस्तू शोधायची, मग तशी वस्तू आपल्या वाडीत कुठे आहे ते मुलांनी सांगायचं. अर्थ सगळ्यात शेवटी.

मोलहिलपासूनच सुरुवात करा. मोल हा जमिनीखाली बोगदे करून गांडुळं खाणारा प्राणी. बोगद्यातली माती तो वर ढकलतो. तो वीतभर ढीग म्हणजे मोलहिल. आपल्याकडे मोल नाही. मुलं लगेच 'वारूळ' म्हणतील, पण ते मान्य करू नका. वारूळ माणसाएवढं वाढतं, त्याची पूजा होते, त्याला क्षुल्लक कोण म्हणेल? बांधावर घुशीने उकरून टाकलेली माती दाखवा. एका पावसात वाहून जाते ती. मग सांगा, की १५४८ मध्ये निकोलस युडाल याने लिहिलं होतं की ग्रीक वाक्पटू माशीचा हत्ती आणि मोलहिलचा डोंगर करत. माशी-हत्तीची जोडी त्याहूनही जुनी आहे.

'नॉट वर्थ अ हिल ऑफ बीन्स' हा अमेरिकेतला. इथे हिल म्हणजे टेकडी नव्हेच. तिकडचे शेतकरी माती ओढून लहान उंचवटा करत आणि त्यात चार-पाच बिया एकत्र टोकत; त्या उंचवट्याला हिल म्हणत. हे शिकवायला आषाढासारखा महिना नाही. परड्यात पडवळ-दोडका लावताना पाणी तुंबून बी कुजू नये म्हणून आपणही माती ओढतो, बोटाने खळगे करतो, प्रत्येकात एकेक बी सोडतो आणि वरून माती सारतो. मुलांना हे काम करायलाच लावा, मातीचे हात घेऊन वर्गात आली तरी चालेल. एवढ्याशा मातीत किती शेंगा येतील, असं विचारलं की 'कवडीमोल' हा अर्थ त्यांचा तेच सांगतात.

आता माझा सगळ्यात आवडता शब्द, 'डाउन'. जुन्या इंग्रजीत 'डून' म्हणजे टेकडी. 'ऑफ डूने' म्हणजे टेकडीवरून. बोलता बोलता त्याचं 'अडाउन' झालं, पुढे 'अ'ही गळाला आणि 'डाउन' उरलं. म्हणजे खाली या शब्दाच्या पोटात टेकडी आहे! दक्षिण इंग्लंडमधल्या 'साउथ डाउन्स' या खडूच्या टेकड्यांनी तो जुना अर्थ अजून सांभाळला आहे. राजापूरच्या मुलांना हे समजवावं लागत नाही. बाजारपेठ अर्जुना नदीच्या काठी खळग्यात. सड्यावरचा, म्हणजे वरच्या सपाट कातळावरचा, माणूस पेठेत जाताना 'खाली जातो' असंच म्हणतो.

उलट दिशेने गेलेला शब्दही जरूर सांगा. आपल्या लेखी घाट म्हणजे डोंगरातून चढायची-उतरायची वाट: अणुस्कुरा, आंबा, फोंडा. डोंगर तो सह्याद्री. इंग्रजांनी वाटेचं नाव अख्ख्या रांगेला दिलं आणि 'वेस्टर्न घाट्स' झाले. आपला सडा दाखवून 'मेसा' शिकवा. सपाट माथ्याच्या डोंगराचा हा शब्द स्पॅनिश, मूळ अर्थ टेबल. सड्याच्या जांभ्या दगडाला १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकाननने 'लॅटराइट' नाव दिलं, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. चिरेखाणीत उभं राहिलं की कारण दिसतंच.

'ॲज ओल्ड ॲज द हिल्स' सोपा आहे, फार वेळ घालवू नका. बायबलात ईयोबाला विचारतात, तू काय डोंगरांच्या आधी जन्मलास? तिथूनच तो आला असं मानतात.

'ओव्हर द हिल' म्हणजे उमेदीचं वय ओलांडलेला. इथे मात्र घाटाचं उदाहरण देऊ नका. अणुस्कुरा चढलं की पुढे देश लागतो, आपल्या बाजूसारखा तुटलेला उतार पलीकडे नाही. वाडीमागची गोल टेकडी घ्या, जिचा माथा ओलांडला की पावलं आपोआप उताराला लागतात.

'डाउनहिल' परीक्षेत विचारताना जपा. 'गो डाउनहिल' म्हणजे उतरती कळा लागणे. पण 'ऑल डाउनहिल फ्रॉम हिअर' म्हणणारा माणूस 'चढ संपला, आता काम सोपं' असंही सांगत असतो, किंवा 'आता सगळं बिघडतच जाणार' असंही. म्हणून हा वाक्प्रचार सुटा देऊ नका. मागचं-पुढचं एखादं वाक्य देऊनच अर्थ विचारा.