पाचशे रुपयांत, दुपारच्या झोपेआधी घरी: लहान मुलाला घेऊन कोल्हापुरातली सुट्टी

लहान मुलाला घेऊन बाहेर पडलं की पैसे तिकिटांवर जात नाहीत, दमलेल्या पोरावर जातात. दुपारी एक वाजता उन्हात भोकाड पसरलेलं दोन वर्षांचं मूल म्हणजे घरापर्यंत थेट रिक्षा, गप्प करायला फुगा, फुगा फुटला म्हणून आइस्क्रीम, आणि 'आता एवढं झालंच आहे तर' म्हणत एसी हॉटेलातली थाळी. यातला एकही खर्च सकाळी ठरवलेला नसतो. म्हणून शनिवार-रविवारचा बेत करताना जागा नंतर, आधी वेळ ठरवायची. पुढचं सगळं साधारण एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे.

घड्याळ मागून मोजा

मूल दुपारी एकला झोपत असेल तर साडेबाराला घराच्या दारात पोहोचायचं. तिथून उलटं मोजा: जाण्या-येण्याला दीड तास, खेळायला दोन, खायला अर्धा. म्हणजे साडेआठला घर सोडायचं, आणि साडेआठला निघायचं तर पिशवी आदल्या रात्री भरलेली हवी. सकाळी पिशवी भरायला घेतली की दहा वाजतात, आणि मग मूल नेमकं परतीच्या वाटेवर पेंगतं. ती अर्ध्या तासाची डुलकी घरची दोन तासांची झोप खाऊन टाकते आणि संध्याकाळ सगळ्यांचीच वाया जाते. सकाळ जमत नसेल तर झोप झाल्यावर, खाऊ घालून साडेचारला निघा आणि साडेसातला परता. अकरा ते चार ही वेळ घरातच बरी. फेब्रुवारीअखेरपासून तर नक्कीच.

दुसरा नियम, एका वेळी एकच जागा. अंबाबाई, मग रंकाळा, मग न्यू पॅलेस आणि जमलंच तर जोतिबा हा पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचा कार्यक्रम आहे. मूल स्थळ बघत नाही. ते खडे, कुत्री, पायऱ्या आणि गळका नळ बघतं. एकाच पायरीवर चढ-उतर करण्यात अर्धा तास गेला तर तो फुकटात मिळालेला अर्धा तास आहे. 'चल, पुढं अजून मज्जा आहे' म्हणून तो मोडू नका.

पाचशेची वाटणी

दोन मोठी माणसं आणि एक मूल धरून, निघतानाच पैसे वेगळे काढा: प्रवासाला १५०, प्रवेश तिकिटांना १००, बाहेरच्या खाण्याला १२०, हट्टाला ५० आणि हात न लावायचे ८०. हट्टाचे ५० वेगळे ठेवायचं कारण साधं आहे. मूल काहीतरी मागणारच. त्याला 'एक वस्तू, तूच निवड' असं आधी सांगितलं आणि नोट त्याच्याच हातात दिली, तर तीन वर्षांचं मूलही निवडण्यात गुंतून जातं. ८० रुपये म्हणजे परतीची रिक्षा. ती लागली नाही तर पुढच्या आठवड्याच्या डब्यात. रोख सुट्टे जवळ ठेवा. स्कॅन करून पैसे देताना पन्नासाचे दीडशे कधी झाले हे कळत नाही.

प्रवासात वाचवायचं असेल तर एसटी. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना फुकट आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं. सवलतीसाठी आजोबांचं आधारकार्ड विसरू नका. ही सवलत एसटीची आहे, शहरातल्या केएमटीच्या (महापालिकेच्या) बसमध्ये तीच धरून हिशेब करू नका.

मोटारसायकलने जाणार असाल तर पेट्रोलचा हिशेब सोपा: कणेरी मठ जाऊन-येऊन साधारण २५ किलोमीटर, पन्हाळा ४० च्या वर. लिटरला ४५ देणाऱ्या गाडीला पन्हाळ्यासाठी एक लिटर. पण नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट लागतं, वेग ताशी ४० च्या आत. हा केंद्राचा नियम आहे. टाकीवर पुढं बसवलेलं मूल वाऱ्याने पेंगतं आणि ब्रेक लागला की पहिलं तेच आदळतं. पट्टा नसेल तर बस घ्या.

गुऱ्हाळ: हंगामात याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही

दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत गुऱ्हाळं चालू असतात. तिकीट नाही, रांग नाही, आणि पाहायला मिळतं ते भरपूर: उसाच्या मोळ्या, घरघरणारा घाणा, वाळत टाकलेली चिपाडं, तीच चिपाडं चुलवाणात ढकलणारा माणूस, आणि काहिलीतून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतून, उठणारी वाफ. ओळखीचं गुऱ्हाळ असेल तर उत्तम. नसेल तर रस्त्याकडेला थांबून विचारलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही. जाताना एवढंच विचारायचं, 'आदण कधी उतरणार?' आदण म्हणजे एका वेळी काहिलीत शिजणारा रस. रस काहिलीत चढल्यापासून गूळ उतरेपर्यंत दोन-तीन तास जातात. मधल्या वेळात पोहोचलात तर मुलाला नुसती वाफ दिसते. उतरायच्या अर्धा तास आधी गेलात तर फेस वर येताना, गूळ शिजवणारा गुळव्या पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का बघताना, आणि मग काहील गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतताना सगळं दिसतं.

इथे एक गोष्ट कडक पाळायची. काहिलीतला पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि अंगाला चिकटतो, त्यामुळे त्याचं भाजणं पाण्याच्या भाजण्याहून वाईट. काहील जमिनीलगत असते, कडेला कठडा नसतो. आदण उतरताना मूल कडेवर, दहा पावलं लांब. घाण्याच्या पट्ट्याजवळही तेच. दोन मोठी माणसं असतील तर एकाने फक्त मूल धरायचं, फोटो दुसऱ्याने काढायचे.

रस प्यायचा तर घरचा पेला न्या, बर्फ नको, आणि काढल्या काढल्या प्या. बाटलीत भरून घरी आणलेला रस दोन तासांत आंबतो आणि रात्री पोट बिघडतं. लहान मुलाला अर्धा कप पुरे. निघताना एक किलो गूळ किंवा काकवीची बाटली विकत घ्या. तुमचा बेत १०० रुपयांच्या आसपास राहतो आणि त्यांचा वेळ घेतल्याचा संकोच राहत नाही.

आगगाडी

चाकांवर जीव टाकणाऱ्या मुलासाठी छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून मिरजेकडे जाणारी पॅसेंजर पुरते. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन असल्यामुळे गाडी सुटण्याआधी फलाटावर उभी असते. वीस मिनिटं आधी पोहोचलात तर खिडकी मिळते आणि इंजिनही जवळून दाखवता येतं. वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर अशी स्टेशनं लागतात. रुकडीजवळ पंचगंगेवरचा पूल येतो, तिथे गाडीचा आवाज बदलतो. त्याआधी मुलाला सावध करा, नाहीतर नेमकं तेव्हाच ते खाऊच्या डब्यात डोकं घालून बसलेलं असतं.

फसतं कुठे? परतीच्या गाडीत. दोन गाड्यांमध्ये मोठी फट असेल तर छोट्या स्टेशनावर मुलाला दोन तास रमवणं महाकठीण. त्यामुळे जाताना रेल्वे आणि येताना एसटी असं ठरवा. हातकणंगले आणि जयसिंगपूर दोन्हीकडून सांगली-कोल्हापूर गाड्या सतत असतात. खिडकीच्या गजातून हात बाहेर जाणार नाही असं बसवा आणि दाराशी उभं राहणं अजिबात नको. तेवढाही वेळ नसेल तर दहा रुपयांचं फलाट तिकीट काढा. ते दोन तास चालतं, आणि दीड वर्षाच्या मुलाला एवढं पुष्कळ होतं.

रंकाळा, आणि चौपाटीची गोम

रंकाळ्याला जाणारे बहुतेकजण थेट चौपाटीवर गाडी लावतात आणि पहिल्या पाच मिनिटांत भेळ, फुगे, पाळणे, घोडा हे सगळं मुलाच्या डोळ्यांसमोर येतं. मग तलाव कोण बघतंय? उलटं करा. आधी पद्माराजे उद्यानात किंवा शालिनी पॅलेसच्या बाजूच्या काठावर तासभर मोकळं सोडा, पाण्यातला संध्यामठ दाखवा. पावसाळ्यात तो पाण्यात बुडतो, उन्हाळ्यात वर येतो, हे मोठ्या मुलाला आवडतं. चौपाटी शेवटच्या वीस मिनिटांसाठी ठेवा. शेवाळलेल्या पायऱ्यांवर हात सोडायचा नाही, पाणी उथळ दिसलं तरी.

भेळेत शेंगदाणे, डाळ असतेच. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. भेळवाल्याकडून साधे चिरमुरे वेगळे मागून घ्या, वर फक्त टोमॅटो; तिखट-चटणी नको. कणीस भाजून घ्या, पण दाणे सुरीने खरवडून बारीक करून द्या.

बाकीच्या जागा, थोडक्यात

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी समोर पिळतात. मुलांना हे सर्कशीपेक्षा भारी वाटतं आणि पाहायला पैसे पडत नाहीत. धारोष्ण दूध पिणं ही कोल्हापूरची शान खरी, पण लहान मुलाला कच्चं दूध नको, त्यातून जुलाबाचे आणि त्याहून वाईट आजार येतात. विकत घ्या, घरी उकळा, मग पाजा. म्हशीच्या मागे उभं राहायचं नाही, एवढं ठेवा.

सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाऊन हॉलची बाग ऐन शहरात सावलीची जागा आहे. आतल्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत, त्यात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्तीही. मुलासाठी पंधरा मिनिटं आत, तासभर बाहेर. सोमवारी बंद असतं, शनिवार-रविवारी अडचण नाही.

न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ, अस्वलं आहेत. तीन वर्षांच्या आतली काही मुलं तिथे घाबरून किंचाळतात आणि तिकीट वाया जातं. आधी दोघांपैकी एकानेच मुलाला दारातून डोकावून दाखवावं.

कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम मुलांना फार आवडतं: बैल, नांगर, न्हावी, कुंभार, सगळे खऱ्या मापाचे. पण चालणं बरंच आहे आणि अर्ध्या वाटेवर 'उचलून घे' सुरू होतं. बाबागाडीपेक्षा पाठीला बांधायची झोळी किंवा जुनी सुती साडी कामाला येते. दाराशी उघडतानाच पोहोचा.

पन्हाळ्यावर दोनच ठिकाणं निवडा. पळायला अंबरखान्याचं आवार आणि तबक उद्यान बरं. सज्जा कोठीच्या कडेला मूल कडेवरच हवं. घाटात उलटी होणाऱ्या मुलाला निघण्याआधी तासभर दूध देऊ नका, कोरडी चपाती द्या, बसमध्ये पुढच्या बाजूला बसा आणि मोबाइल हातात देऊ नका. जोतिबाला रविवारी गर्दी आणि गुलाल दोन्ही असतात. गुलाल डोळ्यांत गेला तर चोळू न देता स्वच्छ पाण्याने धुवा. मुलाला घेऊन जायचं तर शनिवारी सकाळी जावं. अंबाबाईच्या देवळात नवरात्रात आणि किरणोत्सवाच्या संध्याकाळी (९ ते ११ नोव्हेंबर, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी) लहान मूल नेऊ नये हे आमचं स्पष्ट मत.

पावसाळ्यात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी पाहूनच पश्चिमेकडे निघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं, की पन्हाळा-जोतिब्याच्या वाटेवर पाणी येतं आणि गेलेली माणसं तिकडेच अडकतात.

पिशवीत काय

दशम्या किंवा मेथीचे धपाटे, गुळाची पोळी, उकडलेला बटाटा, केळी. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्याने मऊ राहतात आणि दिवसभर टिकतात. डब्यातला वरणभात उन्हात दोन तासांत आंबतो. दूध न्यायचं तर उकळून पातेल्यातून बाटलीत भरून नाही, दूध पावडर कोरडी आणि थर्मासमध्ये गरम पाणी वेगळं. मुलासाठी एक लिटर पाणी, मोठ्यांचं वेगळं. डायपर दर तीन तासांना एक आणि वर दोन. कपड्यांचे दोन जोड, एक जुना टॉवेल, रुमाल, ओली झालेली चड्डी घालायला प्लास्टिकची पिशवी.

ओआरएसची पुडी ठेवा आणि तिच्यावर पाणी किती लिहिलंय ते वाचा. मोठी पुडी एक लिटरला, छोटी २०० मिलीला. अर्ध्या बाटलीत मोठी पुडी ओतली तर मीठ जास्त होऊन मुलाला त्रास वाढतो. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या.

गर्दीच्या जागी निघण्याआधी मुलाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनाने तुमचा मोबाइल नंबर लिहा आणि त्याच दिवशीच्या कपड्यांत मुलाचा एक फोटो काढून ठेवा. हरवलं तर 'निळा शर्ट होता की हिरवा' हे आईला आणि बापाला वेगळं वेगळं आठवतं.