आरसीएफई अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हायचंय? नर्सिंग-फिजिओवाल्यांनी आधी हे वाचा

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या, आपल्याकडे नर्सिंग किंवा फिजिओ करून आलेल्या आणि आता असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या होममध्ये, शिरायचं बघणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात म्हणून एकदाच नीट लिहितेय. अशा होमला इथे आरसीएफई (रेसिडेन्शियल केअर फॅसिलिटी फॉर द एल्डरली) म्हणतात आणि ते चालवायची जबाबदारी असते ती अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची. ८० तासांचा कोर्स, १०० प्रश्नांची परीक्षा, ७० टक्के पासिंग, लाइव्ह स्कॅनचे बोटांचे ठसे, हे तुम्हाला माहितीच असेल. छोट्या होमसाठी वय २१ पूर्ण आणि हायस्कूल एवढीच पात्रता लागते, त्यामुळे घरचे म्हणतात अगं तू तर नर्स, तुला काय अवघड आहे. तसं अजिबात समजू नका.

कायद्याच्या नजरेत आरसीएफई हे राहायचं घर आहे, तिथे देखभाल होते, उपचार नाही. हे तोंडपाठ सगळ्यांना असतं, पण प्रश्न समोर आला की डोकं वॉर्डातल्यासारखं चालायला लागतं. माझी गाडी इथेच अडली होती. समजा ८४ वर्षांच्या आजी आहेत, डायबेटिस आहे, हात थरथरतो म्हणून इन्सुलिन स्वतःला टोचता येत नाही आणि केअरगिव्हर चांगली अनुभवी आहे, तर कोण टोचणार? आजींना स्वतःला जमत नसेल तर इथलं लायसन्स असलेली नर्सच. केअरगिव्हर नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नाही, आणि तुम्ही पुण्यात आयसीयूत कितीही वर्षं काढली असली तरी इथलं लायसन्स नसेल तर तुम्हीसुद्धा नाही.

त्याहून फसवी आहे ती लागेल तेव्हा द्यायची गोळी. साधी टायलेनॉल (म्हणजे आपली पॅरासिटामॉल) धरा. रेसिडेंटला स्वतःला कळतंय, मागता येतंय, तर ठीक. पण डिमेन्शियामुळे गोळी हवी की नको हे ठरवताही येत नाही आणि काय होतंय ते नीट सांगताही येत नाही, अशा वेळी आधी डॉक्टरांना फोन, लक्षणं सांगायची, त्यांनी हो म्हटलं की मग गोळी, आणि तारीख, वेळ, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं रेकॉर्डला लिहायचं. आणि हे प्रत्येक डोसच्या आधी. कालचा होकार आज चालत नाही. नर्सला हे पटतच नाही, चेहऱ्यावरून कळतं ना दुखतंय ते! कळत असेल, पण तो निर्णय घ्यायचा अधिकार इथे आपल्याकडे नाही.

बेडसोअरचंही (पडून राहून होणाऱ्या जखमांचंही) तेच. पहिल्या-दुसऱ्या स्टेजला रेसिडेंटला अटी पाळून ठेवता येतं, तिसऱ्या-चौथ्याला एरवी नाही, पोटातून फीडिंग ट्यूब असेल तरी नाही. आपल्या मनात येतं मी करीन की ड्रेसिंग, पण प्रश्न ड्रेसिंगचा नसतोच. म्हणून टायटल २२ चं चॅप्टर ८ (आरसीएफईचे राज्याचे नियम) वाचताना तीनच गोष्टी बघत जा, ही व्यक्ती इथे राहू शकते का, हे काम कोणी करायचं, आणि कोणाला किती दिवसांत कळवायचं. माझं तरी असं वाचायला लागल्यावरच जमलं.

८० तास जास्त वाटत असतील तर ते का झाले तेही ऐका. २०१३ मध्ये कॅस्ट्रो व्हॅलीतलं एक होम सरकारने बंद करायला लावलं, बहुतेक स्टाफ निघून गेला आणि म्हातारी माणसं तशीच आत राहिली, त्यांना सांभाळत होते ते तिथला कुक आणि सफाई कामगार. त्यानंतर २०१४ मध्ये कायदे बदलले आणि २०१६ पासून ४० चे ८० तास झाले. म्हणून तास भरायचे म्हणून कोर्सला बसू नका प्लीज.

तारखा मात्र सांभाळा. कोर्स संपल्यापासून ६० दिवसांत परीक्षा पास व्हायची आणि पास झाल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत अर्ज गेला पाहिजे. कोर्सवाले देतात तो कागद फक्त हजेरीचा, त्यावर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होता येत नाही. आणि राज्याचं सर्टिफिकेट तुमचं, पण होमचं लायसन्स वेगळं, ते मालकाचं.

प्रश्नसंच विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, आकडे पाठ होतात, विचार करायची सवय लागत नाही. पैसे घेऊन मेंटॉरिंग करणाऱ्यांबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सहा बेडचं होम चालवणाऱ्या एका फिलिपिनो बाईंनी, औषधांच्या कुलूपबंद कपाटासमोर उभं करून एकेक नोंद वाचायला लावायच्या. असं कोणी भेटलं तर त्यांच्याकडे केअरगिव्हर म्हणून राहा, कमीपणा मानू नका. १६ ते ४९ बेडच्या होमला नाहीतरी अनुभव आणि कॉलेजचे युनिट्स लागतातच.

एका गोष्टीला मात्र स्पष्ट नाही म्हणा. "फक्त तुमचं सर्टिफिकेट लावू द्या, यायची गरज नाही, महिन्याला पैसे देतो" असं सांगणारे मालक भेटतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने होममध्ये पुरेसा वेळ हजर असणं नियमातच आहे, इन्स्पेक्टर न सांगता येतो, आणि काही घडलं तर जबाबदार म्हणून नाव तुमचं असतं.

घाबरू नका, इंग्रजी फाडफाड लागत नाही, सावकाश वाचलं तर जमतं, आणि रात्री अपरात्री म्हाताऱ्या माणसाला सांभाळलेलं असेल तर या कामाचा अर्धा भाग तुम्हाला आधीच येतो. नोकरी घेताना त्या होमचे इन्स्पेक्शन रिपोर्ट कम्युनिटी केअर लायसन्सिंगच्या (होमना लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर फुकट दिसतात ते उघडून बघा, विशेषतः टाइप ए, म्हणजे गंभीर, असे लिहिलेले दोष. तेच तेच पुन्हा दिसत असतील तर पगार कितीही देऊ देत, तिथे सही करू नका.